सौर घट व सौर पटल यांचे आकार

सौर घट व सौर पटल यांचे आकार : सूर्यप्रकाशाचे सरळ विजेत रूपांतर करणाऱ्या अर्धसंवाहक साधनास सौर घट म्हणतात [→ अर्धसंवाहक]. असे अनेक घट एकमेकांस जोडून, काच व प्लॅस्टिक यांच्या थरांत बंदिस्त करून आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट बसवून जे सपाट एकक तयार होते, ते सौर पटल (व्यवहारात ‘सोलर पॅनेल’) होय. बाजारात मिळणारे पटल बहुधा आयताकृती असते व त्यातील घट चौरस किंवा कोपरे छाटलेले चौरस असतात. प्रकाशाच्या दृष्टीने या आकारांची काहीही आवश्यकता नाही. क्षेत्रफळ तेवढेच असेल, तर वर्तुळाकार, त्रिकोणी वा षट्‌कोनी घटही जवळजवळ तेवढीच वीज देईल. आकार ठरतो तो अन्य कारणांनी : सिलिकॉनचा स्फटिक कसा वाढतो, तारांतून जाणाऱ्या प्रवाहाचा किती ऱ्हास होतो, पटल कशातून वाहून न्यावयाचे आहे आणि ते ज्या छपरावर बसवावयाचे, तेथे ऊन व सावली कशी पडते. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत छप्पर थोडे, त्याखालची बिऱ्हाडे पुष्कळ आणि शेजारच्या इमारतीची सावली ठरलेली. त्यामुळे आकाराचा हा प्रश्न तेथे केवळ कारखानदाराचा राहत नाही. प्रस्तुत नोंदीतील छपरांची उदाहरणे म्हणून त्या भागातील घेतली आहेत.

घटाचा आकार : सिलिकॉनचा एकसंध स्फटिक मुख्यत्वे पोलिश रसायनशास्त्रज्ञ यान चोक्रालस्की यांनी १९१६ मध्ये शोधून काढलेल्या पद्धतीने वाढवितात. क्वॉर्ट्‌झच्या मुशीत सिलिकॉन वितळवितात (वितळबिंदू १,४१४° से.), द्रवाच्या पृष्ठभागाला एक लहानसा बीजस्फटिक टेकवितात आणि तो स्वतःभोवती फिरवीत अत्यंत सावकाश वर ओढतात. मूस सामान्यतः उलट दिशेने फिरत असते. त्यामुळे आसाभोवती सर्व बाजूंना तापमान सारखे राहते, पृष्ठताणही सर्व बाजूंनी सारखाच खेचतो आणि थिजत जाणारा स्फटिक दंडगोलाकार होतो. वितळलेल्या मेणात वात पुन:पुन्हा बुडवून काढली असता मेणबत्ती गोल होते, तिला कोपरे येत नाहीत. तुलना स्थूल असली, तरी कल्पना येण्यास पुरेशी आहे. या दंडगोलाच्या हिऱ्याचे कण बसविलेल्या तारेने अतिशय पातळ (सु. ०·१३ ते ०·१८ मिमी. जाडीच्या) चकत्या कापतात व त्यांवर पुढील संस्कार करून घट बनवितात. निसर्गतः मिळणारी चकती, याप्रमाणे, गोल असते.

१९७०–८० च्या दशकातील व त्यानंतरच्या काही वर्षांतील पुष्कळ पटलांमध्ये घट गोलच असत. आयताकृती काचेखाली ओळीने मांडलेल्या चकत्यांचे ते पटल दुरून ताटल्या रचल्यासारखे दिसे. त्यात एक अडचण होती. चौरसात बसविलेले सर्वांत मोठे वर्तुळ त्या चौरसाचे ७८·५ टक्केच क्षेत्र व्यापते. म्हणजे काच, चौकट, आधाराची कैची आणि छप्पर यांवरील खर्चाचा पाचवा हिस्सा नुसत्या पोकळीवर होत असे. एकाआड एक ओळी सरकवून मांडल्यास हे प्रमाण ९०·७ टक्क्यांपर्यंत नेता येते, मात्र पटलाच्या कडांना पुन्हा जागा वाया जाते. उलट गोल चकतीतून पूर्ण चौरस कापून घ्यावा, तर चकतीचे ६३·७ टक्केच क्षेत्र हाती लागते. छाटलेले तुकडे पुन्हा वितळविता येत असले, तरी स्फटिक वाढविण्यास लागलेली ऊर्जा व वेळ परत मिळत नाही.

यांतून निघालेली तडजोड म्हणजे कोपरे छाटलेला चौरस होय. दंडगोलाच्या चार बाजू उभ्या तासतात, परंतु कोपऱ्यांशी मूळ वर्तुळाची वक्र कड तशीच राहू देतात. उदा., १५० मिमी. व्यासाच्या दंडगोलातून १२५ मिमी. बाजूचा असा घट काढला, तर त्याचे क्षेत्रफळ सु. १४८·६ चौ. सेंमी. भरते. वर्तुळाचे ८४ टक्के क्षेत्र उपयोगात येते व ज्या चौरस खान्यात घट बसवावयाचा, त्याचे ९५ टक्के क्षेत्र भरून निघते. दोन्हीकडचे नुकसान थोडे थोडे सोसून एकूण नुकसान कमी केलेले आहे. जुन्या पटलात चार घटांचे छाटलेले कोपरे जेथे एकत्र येतात, तेथे शंकरपाळ्याच्या आकाराची पांढरी खूण दिसते. ती या तडजोडीची होय.

ही तडजोड कायमची नव्हे. सिलिकॉन महाग असताना दंडगोल जास्तीत जास्त वापरणे फायद्याचे असते. सिलिकॉन स्वस्त होऊन काच, चौकट, मजुरी व जागा तुलनेने महाग झाल्या की खाना पूर्ण भरणे फायद्याचे ठरते. म्हणून १८२ मिमी. बाजूच्या घटांमध्ये (दंडगोलाचा व्यास सु. २४७ मिमी.) कोपऱ्याची छाट इतकी लहान झाली आहे की, खान्याचे ९९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र भरते, तर २१० मिमी. बाजूचे घट पूर्ण चौरस असतात. पटलाचे वय सांगणारी चिठ्ठी पुसली गेली असली, तरी छाटलेल्या कोपऱ्यांवरून जाणकारास त्याचा सर्वसाधारण काळ सांगता येतो.

बहुस्फटिकी सिलिकॉनची गोष्ट वेगळी होती. ते चौकोनी मुशीत ओतून थिजवीत, मोठा ठोकळा विटांसारखा कापीत आणि विटांच्या चकत्या करीत; म्हणून ते घट मुळातच पूर्ण चौरस असत. निळसर, अभ्रकाच्या पत्र्यांप्रमाणे चमकणारे हे घट अनेक वर्षे सर्वत्र दिसत. त्यांची कार्यक्षमता एकस्फटिकी घटांहून कमी असल्याने २०२० नंतर त्यांचे उत्पादन झपाट्याने मागे पडले.

षट्‌कोनाचा विचार येथे अवश्य केला पाहिजे, कारण मधमाश्यांच्या पोळ्याचा दाखला देऊन तो नेहमी सुचविला जातो. वर्तुळात बसणारा सुसम षट्‌कोन वर्तुळाचे ८२·७ टक्के क्षेत्र घेतो आणि षट्‌कोन एकमेकांस जोडून ठेवल्यास मध्ये फट राहत नाही. नुसत्या भूमितीने पाहिल्यास वर सांगितलेल्या १२५ मिमी. च्या घटापेक्षा तो उणा नाही, किंबहुना थोडा सरसच आहे. तो मागे पडला तो दुसऱ्या कारणांनी. आयताच्या कडांना अर्धे षट्‌कोन लागतात, म्हणजे दोन प्रकारचे घट बनवावे लागतात. घट जोडणारी पट्टी सरळ न जाता नागमोडी जाते. आणि कापणे, छपाई करणे, उचलून मांडणे यांची यंत्रे चौकोनासाठी बनविलेली असतात. षट्‌कोनी व अर्धषट्‌कोनी घटांची पटले तयार झाली होती, परंतु ती रूढ झाली नाहीत. द्रवातून सपाट पट्टी किंवा अष्टकोनी पोकळ नळीच ओढून काढावी व तिच्या सपाट बाजू कापून घ्याव्यात, म्हणजे करवतीचा भुसाच होणार नाही, अशीही एक पद्धत काही वर्षे कारखान्यांत वापरात होती. तीही पुढे बंद पडली.

जेथे छप्पर नसून यानाचे अंगच पटलाचे काम करते, तेथे आकाराचा हिशेब पूर्ण बदलतो. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेला ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह २६ पृष्ठांचा बहुफलक होता. वरचे व खालचे पृष्ठ सोडून त्याच्या अन्य पृष्ठांवर सौर घट बसविलेले होते. उपग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने कोणती ना कोणती पृष्ठे सूर्यासमोर येत. सर्व घट एकाच वेळी उन्हात नसत. ही उधळपट्टी पटले सूर्याकडे वळविणारी यंत्रणा टाळण्यासाठी सोसावी लागे.

विद्युत् प्रवाह व घटाचे माप : घट केवढा असावा, हे विजेचा नियम ठरवितो. सिलिकॉनच्या घटाचा विद्युत् दाब ०·६ ते ०·७ व्होल्टच्या आसपास असतो व घट कितीही मोठा केला, तरी तो वाढत नाही. क्षेत्रफळाबरोबर वाढतो तो प्रवाह. १५६ मिमी. च्या घटातून भर उन्हात सु. ९ अँपिअर, तर १८२ मिमी. च्या घटातून सु. १३ अँपिअर प्रवाह मिळतो. जोडपट्ट्यांतील ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून घट मोठा करण्याची हाव मर्यादेबाहेर नेता येत नाही. यावर उपाय म्हणजे घट लेसर किरणाने मधोमध कापणे. अर्ध्या घटातून अर्धा प्रवाह जातो व पट्टीतील ऱ्हास एकचतुर्थांश होतो. आजच्या पटलांत चौरसाऐवजी आडवे आयत दिसतात, ते हे अर्धे घट होत. घटावरील बारीक रुपेरी रेषा व त्यांना छेदणाऱ्या पट्ट्याही याच हिशेबाच्या आहेत. त्या दाट केल्या, तर रोध कमी होतो पण सावली वाढते. विरळ केल्या, तर उलट.

डोळ्यांस न दिसणारा एक आकार मात्र निव्वळ प्रकाशासाठीच घडविलेला असतो. गुळगुळीत सिलिकॉन आपाती प्रकाशाचा सु. तिसरा हिस्सा परावर्तित करते. चकती क्षारीय विद्रावात बुडविली असता स्फटिकाच्या रचनेनुसार तिच्या पृष्ठावर असंख्य सूक्ष्म चौरस पायाचे पिरॅमिड तयार होतात. एका उतारावरून उडालेला किरण शेजारच्या उतारावर पडतो व त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. घट काळा दिसतो तो यामुळे व त्यावरील सिलिकॉन नायट्राइडाच्या पातळ लेपामुळे.

दुकानदाराच्या गल्ल्याजवळील छोट्या गणकयंत्रावर जी तपकिरी पट्टी असते, तीत तीन-चार अरुंद उभे भाग दिसतात. हे अस्फटिकी सिलिकॉनचे पातळ पटलीय घट होत. येथे चकती नसतेच. काचेवर थर बसवून तो रेषांनी विभागतात व हव्या त्या दाबाइतके भाग एकसरीत जोडले जातात. मोठ्या पातळ-थरी पटलांवरील लांब समांतर रेषांचा अर्थही हाच आहे.

पटलाचा आकार : बारा व्होल्टची शिसे-अम्ल विद्युत् घटमाला उन्हाने तापलेल्या पटलाकडून भारित व्हावी, यासाठी जोडणीतील तूट धरून १७-१८ व्होल्ट लागतात व त्याकरिता ३६ घट एकसरीत जोडावे लागतात. चारांच्या नऊ ओळी मांडल्या की आयत आपोआप तयार होतो. खेड्यातील पथदिव्यापासून होडीपर्यंत ३६ घटांचे पटल याच कारणाने रूढ झाले. वीज जाळ्यास जोडावयाच्या मोठ्या पटलांत ६० किंवा ७२ घट आले. त्यांचे सहा उभे स्तंभ असतात. स्तंभ सम संख्येचे असले की, वर गेलेली जोडणी खाली परत येते व दोन्ही टोके एकाच बाजूस सापडतात. दर दोन स्तंभांमागे एक वळणमार्गी डायोड असतो. त्याचे काम पुढे सांगितले आहे.

आजच्या एका प्रचलित मोठ्या पटलाचे माप २,२७८ × १,१३४ मिमी. असते. यातील १,१३४ हा आकडा घटाचे रुंदीकरण, म्हणजे १८२ मिमी. चे सहा घट, फटी व कडा, यांतून आला. परंतु तो तेथेच थांबला, याचे कारण जहाजावरील मालपेटी अर्थात ‘कंटेनर’ होय. पटले लांब कडेवर उभी करून खोक्यांत भरतात व अशी दोन खोकी एकावर एक ठेवतात. उंच प्रकारच्या कंटेनरच्या दाराची उंची सु. २·५८ मी. असते. दोन पटलांची रुंदी २·२७ मी. झाल्यावर लाकडी बैठका व बांधणी यांना जेमतेम जागा उरते. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या पटलाची रुंदी अशा रीतीने सूर्याने नव्हे, तर दाराने ठरविलेली असते.

यापुढचे दार चाळीचे. गिरगावातील जुन्या चाळींचे लाकडी जिने अरुंद व वळणाचे असतात. ६० घटांचे जुने पटल (सु. १·६५ × ०·९९ मी., वजन १८-१९ किग्रॅ.) दोन माणसे अशा जिन्यावरून नेऊ शकत. सव्वादोन मीटर लांबीचे व २८ किग्रॅ. वा अधिक वजनाचे पटल वळणावर अडते व दोरांनी बाहेरून ओढून घ्यावे लागते. काच आतून दुखावली गेली, घटाला केसाएवढी चीर पडली, तर ती डोळ्यांस दिसत नाही. वीज मात्र कमी होते. घरांच्या छपरांसाठी १,७२२ × १,१३४ मिमी. चे, १०८ अर्ध्या घटांचे आखूड पटल मिळते. दर वॉटला ते किंचित महाग पडले, तरी अशा वस्तीत तेच घेणे शहाणपणाचे आहे.

छप्पर, ऊन व सावली : मुंबईचा हा भाग सु. १९° उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४७·६° वर असतो. पटल दक्षिणाभिमुख व सु. १९° कलते ठेवावे, हा सर्वसाधारण नियम यातून येतो. पण तो आंधळेपणाने पाळल्यास दादरच्या गच्चीवर नुकसान होते. १,१३४ मिमी. रुंदीचे पटल आडवे ठेवून १९° उचलले, तर त्याची मागची कड ३७ सेंमी. वर जाते. डिसेंबरात सौर वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ पर्यंत मागच्या ओळीवर सावली पडू नये म्हणून सु. ४५ सेंमी. जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे गच्चीचे सु. ७० टक्के क्षेत्रच झाकले जाते. कल १०° केल्यास फट सु. २४ सेंमी. पुरते व ८२ टक्के क्षेत्र झाकता येते. या अक्षांशावर सूर्य बहुतेक वर्ष उंच असल्याने कल कमी केल्याची तूट काही टक्क्यांचीच असते, तर पटलांची संख्या सु. आठव्या हिश्शाने वाढते. ज्याची जमीन मोकळी आहे, त्याने पटल कलते ठेवावे. ज्याला गच्ची पुरत नाही, त्याने निजते ठेवावे. अगदी सपाट मात्र ठेवू नये. पावसाचे पाणी साचून खालच्या कडेशी धूळ थिजते. पटल उभे ठेवल्याने फटीचे प्रमाण बदलत नाही, परंतु कड ७४ सेंमी. वर जाते आणि समुद्रावरील वाऱ्याचा जोर त्या मानाने वाढतो.

पटल उभे की आडवे, या प्रश्नाचे खरे उत्तर सावली देते. एकसरीत जोडलेल्या घटांपैकी एक झाकला, तरी संपूर्ण ओळीचा प्रवाह त्याच्याएवढा खाली येतो. शिवाय झाकलेला घट इतरांची वीज स्वतःत जिरवून तापतो व कालांतराने जळतो. वळणमार्गी डायोड अशा वेळी आजारी दोन स्तंभ वगळून प्रवाहाला वाट करून देतो. समजा, कठड्याची वा पाण्याच्या टाकीची हातभर सावली पटलाच्या खालच्या कडेवर पडते. पटल आडवे असेल, तर ती एका डायोडच्या दोन स्तंभांतच राहते व तिसरा हिस्सा वीज जाते. जुने, पूर्ण घटांचे पटल उभे असेल, तर तीच सावली सहाही स्तंभांच्या तळाशी पडते आणि तिन्ही डायोड निरुपयोगी होऊन जवळजवळ सर्व वीज जाते. अर्ध्या घटांच्या पटलात वरचा व खालचा भाग समांतर जोडलेले असतात, म्हणून ते उभे असूनही निम्मी वीज देत राहते. कबुतरांची विष्ठा एकाच घटावर साठली, तरी हाच प्रकार लहान प्रमाणात घडतो. या भागातील गच्च्यांवर ही किरकोळ बाब नव्हे.

गिरगावातील कौलारू छपरांचे उतार सूर्याकडे पाहून नव्हे, तर वाडीच्या बोळाकडे पाहून बांधलेले आहेत. पूर्व किंवा पश्चिमेकडील सौम्य उतारावर पटल ठेवल्यास येथे वर्षाची तूट सामान्यतः १० टक्क्यांच्या आत राहते. त्यामुळे दिशा ही मोठी अडचण नाही. अडचण वाशांची असते. मंगलोरी कौलांखालील शंभरीतले लाकूड तपासल्याखेरीज त्यावर नवा भार व वाऱ्याची ओढ घालणे धोक्याचे आहे.

परळ-लालबागच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहेत. मुंबईतील पहिली कापड गिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली व पुढे गिरणगावभर अशी छपरे उभी राहिली. दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे असे, म्हणजे मागावर उन्हाचा झोत न येता सारखा उजेड पडे. तिरपी, बंद बाजू दक्षिणेकडे असे. दक्षिणाभिमुख तिरपे पृष्ठ आयतेच तयार आहे, तेव्हा ते पटलांनी भरून टाकावे, असे कोणासही वाटेल. परंतु काच उभी व उतार २७° धरल्यास, २२ डिसेंबरच्या मध्यान्ही पुढच्या दात्याची सावली मागच्या उताराचा खालचा सु. तिसरा हिस्सा झाकते. तेवढा भाग सोडून किंवा तेथे पटलांची स्वतंत्र आडवी ओळ जोडूनच हे छप्पर वापरता येते. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या व अशी छपरे थोडीच उरली आहेत.

त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांनी सावलीचा प्रश्न दुसऱ्याच पातळीवर नेला. २०० मी. उंचीच्या इमारतीची सावली २२ डिसेंबरच्या मध्यान्ही उत्तरेस सु. १८० मी. पडते आणि सौर वेळेनुसार दुपारी ३ वाजता ईशान्येकडे सु. ३६० मी. लांब जाते. ती ज्या चाळीवर जाते, तेथे कोणत्याही आकाराचे पटल उपयोगी नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार इमारतीस वीस वर्षे अव्याहत मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो. पण तो कायदा खिडकीच्या उजेडाच्या काळातील असून छपरावरील पटलाचा विचार त्याच्या शब्दांत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्य घर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये साहाय्य ठेवले आहे. २२ टक्के कार्यक्षमतेच्या पटलांचे, फटी वगळता, सु. ४·५ चौ. मी. क्षेत्र एका किलोवॉटला लागते. एवढी बिनसावलीची जागा गच्चीवर कोठे व किती तास आहे, हे पटल मागविण्यापूर्वी डिसेंबरातील एका दिवशी खडूने सावलीच्या कडा आखून पाहता येते.